जंक्शन परळीत, बीड मात्र ताटकळत

परळी वैजनाथ हे आमच्या बीड जिल्ह्यातले रेल्वे जंक्शन. निजामाच्या राजवटीत येथे परभणीकडची मीटरगेज आणि विकाराबादकडची ब्रॉडगेज एकत्र आली. रूळ वेगळे, म्हणून डबा बदलल्याशिवाय माल पुढे जात नसे. ते ओझे हमालाच्या पाठीवर. १९९०च्या दशकात परभणीचा मार्गही ब्रॉडगेज झाला. औष्णिक केंद्राचा कोळसा रेल्वेने परळीत आला, येथली वीज राज्यभर गेली. पण जिल्ह्याचे ठिकाण बीड मात्र रेल्वेविनाच राहिले!

२६१ किलोमीटरच्या अहमदनगर-बीड-परळी मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. आष्टीला गाडी २०२२ मध्ये आली. बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी. मंजुरीला तोवर तीस वर्षे झाली होती आणि बीड-परळी टप्पा तेव्हाही अपुराच होता.

या तीस वर्षांत दर हंगामाला आमचा ऊसतोड कामगार ट्रक-ट्रॅक्टरमध्ये लेकराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह कोंबला गेला. कोळशाला रूळ मिळाले, माणसाला का नाही? आम्ही हे विचारणारच. रेल्वे ही कुणा पुढाऱ्याची मेहेरबानी नव्हे, तो आमचा हक्क आहे!