दिवाळीची दिननामे आणि ‘पहिली आंघोळ’

दिवाळीच्या दिवसांना पंचांगात एक नाव आणि घरात दुसरे, अशी दुहेरी व्यवस्था मराठीत दिसते. पंचांगातील गोवत्सद्वादशी घरात वसुबारस होते, बलिप्रतिपदेचा पाडवा होतो आणि यमद्वितीयेची भाऊबीज होते. बारस, पाडवा व बीज ही रूपे प्राकृतातून चालत आलेली आहेत. ती संस्कृत नावांची अलीकडील मोडतोड नव्हे, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. प्रश्न उरतो तो धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन या तीन दिवसांचा. त्यांना असे तद्भव नाव का नाही?

गिरगावातील व्यवहार पाहिला असता काही उलगडा होतो. येथील चाळींतून कोकणातून आलेली कुटुंबे पिढ्यानुपिढ्या नांदली. वसुबारशीची गाय-वासराची पूजा, पाडव्याचे व भाऊबिजेचे ओवाळणे हे आचार पुरोहितावाचून, बायकांच्या हातून होतात. (गायीसाठी चाळीतील बायकांना फार लांब जावे लागत नसे, १८३४ साली स्थापन झालेला पांजरपोळ शेजारी भुलेश्वरातच आहे.) जो आचार बायकांच्या हाती, त्याचे नाव त्यांच्या तोंडी घडलेले, असे निदान या तीन दिवसांपुरते म्हणता येते. लक्ष्मीपूजन हे मुळात तिथीचे नाव नसून कृत्याचे आहे, म्हणून ते बाजूला ठेवू. धनत्रयोदशीस नोकरदार घरात दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी एक दिवा लावण्यापलीकडे फारसे काही नसे. ती रिकामी जागा आता ‘धनतेरस’ने भरली आहे. हा शब्द गुजराती-हिंदी भाषकांच्या सहवासातून आला, यास्तव पुष्कळांना तो खटकतो. परंतु ‘तेरस’ची घडण ‘बारस’सारखीच आहे, शब्द उसना असेल, विजातीय नव्हे.

खरे कुतूहल आहे ते नरकचतुर्दशीविषयी. हे नाव गिरगावकर वाचतो. बोलताना मात्र तो ‘पहिली आंघोळ’ म्हणतो. पहाटे, अंधार असतानाच, तेल आणि उटणे (सं. उद्वर्तन) लावून स्नान करावयाचे, आणि तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा. हे कडू फळ म्हणजे नरकासुर. चाळीत तुळस गॅलरीत असे आणि कारीट तेथेच फुटे. कोणाच्या बिऱ्हाडातील आंघोळ आधी उरकली, हे साऱ्या मजल्याला कळे.

पण ‘पहिली’ का? क्रमवाचक विशेषण दुसरीची अपेक्षा निर्माण करते. याचे उत्तर धर्मशास्त्रात सापडते. काशीनाथ उपाध्याय यांच्या ‘धर्मसिंधु’त (१७९०) चतुर्दशीपासून तीन दिवस अभ्यंग सांगितले आहे : चतुर्दशी, अमावास्या व प्रतिपदा. म्हणजे आंघोळी तीन होत्या, आणि ‘पहिली’ हा त्या मालिकेचा उरलेला साक्षीदार असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तिसरी आंघोळ आजही होते, पण ती पाडव्याच्या नावात मिसळून गेली; पत्नीने पतीला तेल लावण्याच्या रीतीमुळे तिला स्वतंत्र ओळख मिळाली आणि क्रमांकाची गरज उरली नाही. मधली मात्र लुप्तप्राय झाली. तिथींची गतीही तिला प्रतिकूल ठरली असावी. २०२१ आणि २०२३ साली पहाटेची पहिली आंघोळ आणि संध्याकाळचे लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले. अशा वर्षी दुसरीला जागाच राहत नाही.

आचार गेला तरी शब्द काही काळ टिकतो, आणि आचाराचा मूळ आकार त्या शब्दावरून ओळखता येतो. मात्र त्यासाठी तो शब्द वापरणारी माणसे असावी लागतात. गिरगावातील चाळी आज एकामागून एक पाडल्या जात आहेत, काही मेट्रोच्या कामासाठी गेल्या, आणि बिऱ्हाडे उपनगरांत पांगली आहेत. ज्या वृद्ध स्त्रियांनी आपल्या सासूच्या तोंडून ‘दुसरी आंघोळ’ हा प्रयोग ऐकला असेल, त्यांना आता शोधावे लागेल. विभागातील विद्यार्थ्यांनी येत्या दिवाळीत निदान आपल्या घरी एवढे विचारून लिहून आणावे : आंघोळी कितीपर्यंत मोजीत, दुसरीला उटणे लावीत की केवळ तेल, आणि कारटाला त्यांच्या गावी काय म्हणत.