मातीचा गोळा? मुळीच नाही!

खंडाळ्यात काय नि लोणावळ्यात काय, बारशाला गेलं की पाळण्यापाशी कुणीतरी म्हणतंच, "मूल म्हणजे मातीचा गोळा. घडवाल तसं घडेल!" ऐकायला गोड. पण याच वाक्याच्या जोरावर 'मेंदूविकासा'ची कार्डं आणि क्लास खपतात, आणि शेजारचं बाळ आधी पालथं पडलं की खापर सुनेच्या माथी फुटतं. म्हणून आधी याचाच समाचार.

मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी बाळ पोटात असतानाच तयार होतात आणि त्या गप्प बसत नाहीत. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या 12 बाळांचे एमआरआय अभ्यासले. दिवस भरायच्या सुमाराला, झोपेतसुद्धा, त्यांच्या मेंदूत एका तालात काम करणारी पाच जाळी सापडली. पुढे लंडनमध्ये 'डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट'साठी शेकडो नवजात बाळांचे एमआरआय झाले. पाजायचं, गुंडाळायचं, झोप लागली की यंत्रात ठेवायचं. ती माहिती घेऊन ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये बाळाबाळांतला फरक मोजला. पाहणं, हालचाल, लक्ष वेधलं जाणं अशा कामांची जाळी जन्मतःच ओळखू येत होती. सर्वांत जास्त फरक दिसला तो लक्ष वेधण्याशी संबंधित जाळ्यात. म्हणजे एक बाळ भांडं पडलं की दचकतं आणि दुसरं ढिम्म असतं, याचं बिल आईच्या नावावर फाडण्याआधी जरा थांबा.

मग पाचवीला सटवाई लिहून गेली तेच खरं का? तेही नाही, हो! विश्रांतीच्या वेळी, स्वतःच्या विचारांत असताना जागं होणारं जाळं जन्माच्या वेळी तुटक असतं. दोनेक वर्षांत त्याला मोठ्यांसारखा आकार येतो. पावसाचं पाणी घाटात असलेल्या घळीतूनच धावतं आणि धावता धावता ती खोल करतं, तसं हे. अनुभव नव्यानं मेंदू बनवत नाही, पण वाया मात्र जात नाही.

आणि ती घळ पडते तेव्हा, म्हणजे गरोदरपणी, आईच्या ताटात काय असतं, हेही विचारायला हवं. हे पुण्याइतकं नीट फार थोड्या ठिकाणी पाहिलं गेलंय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-12 फार कमी होतं, त्यांची मुलं नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलटे म्हणण्याच्या चाचणीत मागे पडली. बाकीच्या चाचण्यांत फरक नव्हता. क्लासवाले ताटाबद्दल कधी बोलताना ऐकलेत?

आता बाकीचे समज. मोझार्ट ऐकवला की बुद्धी वाढते? 1993 चा तो मूळ प्रयोग कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांवर झाला होता, बाळांवर नाही, आणि परिणाम पंधरा मिनिटंही धड टिकला नव्हता.

टाळू भरली नाही तर मेंदू वाढत नाही? टाळू साधारण दीड वर्षात आपोआप भरते, तेलाविना. एकदम खोल गेली किंवा फुगली, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

रांगलं नाही म्हणजे मंद? जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात (त्यात दिल्लीही होती) शेकडा चारेक मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत. आधाराविना चालणं 8 ते साडेसतरा महिन्यांत कधीही आलं. दीड वर्ष उलटूनही येत नसेल, तर बारशाला आलेल्यांना नको, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवली की तल्लख? वर्षाच्या आत मध नकोच. त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. सोनं बापडं निरुपद्रवी.