विदर्भ हरला, पण मैदान सोडून गेला नाही
(इयत्ता चौथी)



या वेळी मी "माझा आवडता पक्षी" हा लेख लिहिणार होतो. पण गुरुजी म्हणाले, "तू मॅच अर्ध्यात सोडून घरी गेला ना? मग आता मॅचवरच लिही." म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

मागच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मोठ्या वर्गातल्या पोट्ट्यांसंग आमची मॅच झाली. सहा षटकांची मॅच होती. त्यांनी ६१ धावा केल्या. आमच्या तीन षटकांत १४ झाल्या आणि चार जण बाद झाले. म्हणजे जिंकायला अजून ४८ पाहिजे होत्या आणि चेंडू राहिले होते १८. मी मनात हिशोब केला आणि म्हटलं, "हे काही होत नाही बाप्पा." बॅट माझी होती. मी ती खांद्यावर टाकली आणि घरी निघून गेलो. मॅच तिथंच बंद पडली. आमच्यातला एक पोरगा अजून खेळायचाच होता. तो लय वेळ मैदानात उभा राहिला, असं मला मागून समजलं.

सोमवारी गुरुजी मला रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून वर्तमानपत्राची जुनी कात्रणे काढली आणि म्हणाले, "हे वाच. मग समजावून लिही." ती कात्रणे मार्च २०२४ ची होती. त्यात आपल्या विदर्भाच्या हरण्याची बातमी होती. मी म्हटलं, "गुरुजी, हरल्याचं काहून वाचू?" गुरुजी म्हणाले, "आधी वाच तर खरं."

१. रणजी करंडक म्हणजे काय?

रणजी करंडक ही आपल्या देशातली मोठी क्रिकेट स्पर्धा आहे. नवानगरचे रणजितसिंहजी मोठे फलंदाज होते. त्यांच्या नावाने १९३४ साली ही स्पर्धा सुरू झाली. यात राज्यांचे संघ खेळतात. पण गंमत अशी की, आपल्या एका महाराष्ट्र राज्यातून तीन संघ खेळतात. एक मुंबई, दुसरा महाराष्ट्र आणि तिसरा विदर्भ. आपले चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे विदर्भात येतात. म्हणून विदर्भाचा संघ तो आपला संघ.

मुंबईने हा करंडक सगळ्यांत जास्त वेळा जिंकला आहे. विदर्भाला पहिला करंडक १ जानेवारी २०१८ रोजी मिळाला. इंदूरला दिल्लीचा पराभव करून तो जिंकला. पुढच्याच वर्षी, २०१९ साली, विदर्भाने तो पुन्हा जिंकला.

२०२४ चा अंतिम सामना विदर्भ आणि मुंबई यांच्यात झाला. तो १० ते १४ मार्च असा पाच दिवस चालला. जागा मुंबईचे वानखेडे मैदान. विदर्भाचा कर्णधार यष्टिरक्षक अक्षय वाडकर होता आणि मुंबईचा कर्णधार अजिंक्य रहाणे होता.

२. ५३८ धावा आल्या कुठून?

विदर्भाला जिंकायला ५३८ धावा पाहिजे होत्या. एवढा मोठा आकडा ऐकून माझा मित्र म्हणाला, "हे तर बेइमानी झाली!" पण बेइमानी नाही, साधे गणित आहे. पाच दिवसांच्या सामन्यात प्रत्येक संघ दोन वेळा खेळतो. त्याला डाव म्हणतात. दोन्ही डावांची बेरीज करतात.

मुंबई, पहिला डाव : २२४
विदर्भ, पहिला डाव : १०५
मुंबई, दुसरा डाव : ४१८

आता पाहा. २२४ मधून १०५ वजा केले तर ११९ राहतात. एवढी मुंबईची आघाडी. ११९ आणि ४१८ मिळून ५३७ होतात. तेवढ्या धावा केल्या तर बरोबरी. जिंकायला एक जास्त पाहिजे. म्हणून ५३८.

हा आकडा किती मोठा होता ते सांगतो. रणजी करंडकात तोपर्यंत सगळ्यांत मोठा यशस्वी पाठलाग ३७८ धावांचा होता. तो रेल्वेच्या संघाने त्रिपुराविरुद्ध त्याच वर्षी फेब्रुवारीत केला होता. दुसऱ्या एका स्पर्धेत, दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात, २०१० साली पश्चिम विभागाने ५३६ धावांचे लक्ष्य गाठले होते. विदर्भाला त्याच्याहीपेक्षा दोन धावा जास्त पाहिजे होत्या.

३. मग नुसते उभे राहून सामना वाचवायचा होता!

हा प्रश्न मीच गुरुजींना विचारला. पाच दिवसांत निकाल लागला नाही, तर सामना अनिर्णित होतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. मग विदर्भाने टुकूटुकू खेळून दिवस का काढला नाही?

याचे उत्तर एका नियमात आहे. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त त्याला करंडक मिळतो. पहिल्या डावात मुंबई ११९ धावांनी पुढे होती. म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक मुंबईलाच जाणार होता. विदर्भापुढे एकच वाट होती, ५३८ धावा करणे.

४. चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विदर्भाच्या बिनबाद १० धावा झाल्या होत्या. चौथ्या दिवशी करुण नायरने ७४ धावा केल्या. त्यासाठी तो २२० चेंडू खेळला. मी म्हटलं, "गुरुजी, एवढ्या हळू काहून?" गुरुजींनी मला तेंदूपत्त्याचे उदाहरण दिले.

आपण मे महिन्यात सकाळी जंगलातून तेंदूची पाने आणतो आणि घरी बसून पुडके बांधतो. एका पुडक्यात ७० पाने. संध्याकाळी ते फळीवर न्यायचे असतात. समजा घरच्या सगळ्यांनी मिळून ३०० पुडके बांधायचे ठरवले. अर्धा वेळ गेला आणि ९० च झाले. आता उरलेल्या वेळात २१० बांधायचे. म्हणजे हात दुपटीपेक्षा जास्त चालवावा लागेल. पण हात घाईने चालवला की पाने फाटतात. फाटके पान पुडक्यात चालत नाही. क्रिकेटमध्ये पाने फाटत नाहीत, गडी बाद होतात. आणि दहा गडी बाद झाले की दिवस शिल्लक असला तरी खेळ संपतो.

म्हणून धावाही करायच्या आणि गडीही सांभाळायचे, अशी दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. चौथा दिवस संपला तेव्हा विदर्भाच्या ५ बाद २४८ धावा झाल्या होत्या. वाडकर ५६ वर आणि हर्ष दुबे ११ वर खेळून राहिले होते.

५. शेवटचा दिवस

आता ५३८ मधून २४८ वजा करा. २९० राहिल्या. दिवसाला ९० षटके असतात. म्हणजे प्रत्येक षटकात तीनपेक्षा थोड्या जास्त. ऐकायला सोपे वाटते. पण आदल्या दिवशी विदर्भाने दिवसभरात २३८ धावा केल्या होत्या. शेवटच्या दिवशी त्यापेक्षा ५२ जास्त करायच्या होत्या, आणि अर्धा संघ तर बाद झाला होता.

सकाळी वाडकर आणि दुबे मैदानात आले. मुंबईच्या गोलंदाजांनी सगळे करून पाहिले. तनुष कोटियन, शम्स मुलानी, तुषार देशपांडे, सगळे आले. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही गडी बाद झाला नाही! धावा झाल्या ५ बाद ३३३. राहिल्या २०५.

जेवणानंतर वाडकरचे शतक झाले. दोघांची भागीदारी १३० धावांची झाली. विदर्भ ३५३ वर गेला. आणि तिथेच कोटियनने वाडकरला पायचीत केले. वाडकरच्या १०२ धावा झाल्या होत्या. मग देशपांडेने दुबेला बाद केले. दुबेच्या ६५ धावा होत्या. त्यानंतर कोणी टिकले नाही. शेवटचा गडी उमेश यादव. त्याचे वडील नागपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते, आणि तो भारताच्या संघात वेगवान गोलंदाज झाला. त्याला धवल कुलकर्णीने बाद केले. कुलकर्णीचा तो शेवटचा सामना होता.

विदर्भ सर्वबाद ३६८. शेवटचे पाच गडी फक्त १५ धावांत गेले. मुंबई १६९ धावांनी जिंकली आणि तिला ४२ वा करंडक मिळाला.

६. विदर्भ नेमका कुठे हरला?

आमच्या वर्गात यावर लय भांडण झाले. काही जण म्हणाले, शेवटचे पाच गडी लवकर गेले म्हणून हरला. मला तसे वाटत नाही. मी पहिल्या दिवसापासून वाचले.

पहिल्या दिवशी मुंबईचे सहा गडी १११ धावांतच बाद झाले होते. विदर्भाचेच चांगले चालले होते. पण शार्दूल ठाकूरने ७५ धावा काढल्या आणि मुंबई २२४ पर्यंत गेली. नंतर विदर्भ सर्वबाद १०५. एकालाही ३० धावा करता आल्या नाहीत. मग मुंबईच्या दुसऱ्या डावात १९ वर्षांच्या मुशीर खानने १३६ धावा केल्या. श्रेयस अय्यर ९५ वर बाद झाला आणि रहाणेने ७३ केल्या.

म्हणजे सामना दुसऱ्या दिवशीच हातून निसटला होता. सकाळी पाने कमी तोडली तर दुपारी कितीही जोरात बांधले तरी पुडके कमीच भरतात. शेवटच्या दिवशी दिसले ते फक्त उत्तर होते. गणित आधीच चुकले होते.

७. मग एवढा खेळून काय मिळाले?

पहिल्या डावात १०५ आणि दुसऱ्या डावात ३६८. खेळाडू तेच, मैदान तेच, समोरचे गोलंदाजही तेच. ३६८ म्हणजे रेल्वेच्या ३७८ च्या विक्रमापेक्षा फक्त १० कमी. समोर ५३८ चा डोंगर नसता तर ही धावसंख्या मोठीच म्हटली असती.

आणि पुढची गोष्ट ऐका. पुढच्याच हंगामात, २०२५ साली, विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात आला. या वेळी नागपूरजवळच्या जामठ्याला केरळविरुद्ध. कर्णधार वाडकरच. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्याआधी कोणीच घेतले नव्हते. अंतिम सामन्यात पहिल्या डावात विदर्भ ३७९ आणि केरळ ३४२. सामना २ मार्च २०२५ रोजी अनिर्णित संपला. आता नियम आठवा! विदर्भ ३७ धावांनी पुढे होता, म्हणून करंडक विदर्भाला मिळाला. ज्या नियमाने आदल्या वर्षी वाट अडवली, त्याच नियमाने या वर्षी करंडक दिला.

हरल्यामुळेच पुढे जिंकले, असे मी म्हणत नाही. हरलेला प्रत्येक जण पुढे जिंकतोच असे नाही. पण ५३८ पाहून वाडकर आणि दुबे चौथ्या दिवशीच हात सोडून खेळले असते, तर आपण ३६८ करू शकतो हे त्यांनाही कळले नसते.

आमच्या मॅचमध्ये १८ चेंडूंत ४८ धावा झाल्या नसत्याच, हे मला अजूनही वाटते. पण जो पोरगा खेळायचा राहिला, तो किती करतो हे मात्र मी पाहूच दिले नाही. मी त्याला म्हटले, "माझे चुकले." तो म्हणाला, "चुकलं ते चुकलं. आता बॅट दे." येत्या शनिवारी पुन्हा मॅच आहे. पहिला फलंदाज तोच. आईबाबांनी बघायला यावे.

गणित सोडवा

२०२५ च्या उपान्त्य सामन्यात नागपूरला विदर्भाची गाठ पुन्हा मुंबईशीच पडली. या वेळी पाठलाग मुंबईला करायचा होता. मुंबईला जिंकायला ४०६ धावा पाहिजे होत्या. शेवटच्या दिवशी मुंबई सर्वबाद ३२५ झाली. तर विदर्भ किती धावांनी जिंकला?

सूचना : ८१ म्हणाल तर चुकाल. पुन्हा वर दुसरा मुद्दा वाचा. उत्तर कागदावर लिहून गुरुजींच्या टेबलावर ठेवा. बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावे पुढच्या भित्तिपत्रकात येतील.