वळिवड्याची पोलिश मुलं आणि पंधरा दिवसांचे पाहुणे

जयसिंगपूरहून पॅसेंजरने कोल्हापूरकडे निघालं की हातकणंगले, रुकडी आणि मग वळिवडे. आज तिथे उतरणाऱ्याला गांधीनगरच्या कापडपेठेची घाई असते. पण १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. १९४० च्या सुमारास सोव्हिएत सत्तेने सायबेरिया, कझाकस्तानात हाकललेली ही माणसं इराणमार्गे इथवर पोचली. ज्यांचे आईबाप वाटेतच गेले, त्या मुलांसाठी छावणीत अनाथालय होतं. नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिलेली बरीच मुलंही तिथली छावणी बंद झाल्यावर इकडेच आली.

हे आठवायचं कारण, परदेशातल्या अनाथाश्रमात जाऊन 'सेवा' करण्याची हौस आता आपल्याकडच्या तरुणांनाही लागली आहे. नेपाळ, कंबोडियासारख्या ठिकाणी पंधरा दिवस राहायचं, मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं आणि या सगळ्याची फी मध्यस्थ कंपनीला भरायची. जाणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. प्रश्न मुलांचा आहे.

वळिवड्यात पोलिश मुलांना काय मिळालं? पोलिश भाषेतली शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं. सुरुवातीला खर्च लंडनमध्ये आश्रयाला असलेलं पोलिश सरकार उचलायचं, जागा कोल्हापूर संस्थानात मिळाली. पण मला मोलाची वाटते ती सांभाळणारी माणसं. शिकवणारे आणि सांभाळणारे बहुतेक त्याच छावणीत राहणारे, त्याच वनवासातून आलेले. सोव्हिएतांनी केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कात्यिन हत्याकांडातून वाचलेला अधिकारी झ्जिस्वाव पेश्कोव्स्की इथे स्काउटचं काम पाहायचा. तो पुढे धर्मगुरू झाला. काल वर्गात दिसलेली बाई आज जेवणाच्या रांगेत आणि उद्या प्रार्थनेलाही दिसणार, हे मुलांना ठाऊक होतं. त्यांची आई व्हायला बाहेरून कुणी पंधरा दिवसांसाठी येत नव्हतं.

छावणी बंद झाल्यावर तीनच वर्षांनी, १९५१ मध्ये, जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. मुलाला कायम जवळ असणारं एक माणूस लागतं, हा त्याचा गाभा. सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली, की काही मुलं कुणाही अनोळखी माणसाला बिलगू लागतात. पाहुण्याला वाटतं, किती लळा लागला! मग परतीचं तिकीट येतं, आणि पुढच्या गटातल्या नव्या ताईच्या कमरेला तेच पोर मिठी मारतं.

यात पैशाचाही खेळ आहे. फी देणारे पाहुणे वाढले की त्यांना दाखवायला मुलं लागतात. आईबाप हयात असलेली गरीब घरातली मुलं 'शिक्षणासाठी' म्हणून खेड्यांतून आणून अनाथाश्रमात ठेवल्याचे प्रकार नेपाळ आणि कंबोडियात उघडकीस आले. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा या व्यवहाराचीही दखल घेतली गेली.

आपणही फार वेगळे नाही. वाढदिवसाला आश्रमात जेवण घालायची आपली पद्धत. एकाच रविवारी दोन दाते आले तर दुपारी जिलेबी, रात्री श्रीखंड. आणि वर प्रत्येक वेळी फोटोसाठी ओळीत बसणं. मंगळवारी गळका नळ दुरुस्त करायला मात्र कुणी येत नाही.

तरीही परदेशी जायचंच असेल, तर मुलांच्या मांडीला मांडी लावून बसण्यापेक्षा मागच्या बाजूचं काम मागावं. मोरीची फरशी, पाण्याची टाकी, हिशेबाच्या वह्या, तिथल्या कर्मचाऱ्यांना संगणक शिकवणं. पोलिसांची चारित्र्य पडताळणी न मागता मुलांमध्ये थेट सोडणारी संस्था असेल, तर तिथे जाऊच नये.

आणि इथे आपल्या शिरोळ तालुक्यातच राहून करण्यासारखं काम हवं असेल, तर महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आईबाप दोघे किंवा एक गमावलेलं मूल संस्थेत न जाता आपल्याच माणसांत वाढावं, म्हणून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयामार्फत बालकल्याण समितीपुढे जातो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, शाळेचा बोनाफाईड, सगळं जुळवता जुळवता रोजंदारीवरच्या आईची मजुरी बुडते. हे कागद तिच्यासोबत बसून पुरे करून द्यायला व्हिसाही लागत नाही.