दोन्ही बाजूंनी सुलट

हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझ्या हातातली पाटली मात्र तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात दवाखान्यात कापून काढावी लागली. कोल्हापूरचा पाऊस तुम्ही जाणताच. मागील दारी दोरीवर कपडे वाळत होते, सर आली म्हणून मी लगबगीने धावले आणि शेवाळलेल्या शहाबादी फरशीवरून पाय घसरला. पडताना माणूस हात टेकतो, तसा मीही उजवा हात टेकला. सगळा भार मनगटावर आला. उठून पाहते तो मनगट जेवणाच्या काट्यासारखे वाकलेले! दवाखान्यात पोचेपर्यंत हात इतका सुजला की पाटली निघेना.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते. हाताला मार लागला तर सूज चढण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवावे. मी 'घरी आल्यावर काढू' म्हणत बसले, ते सोन्याला महागात पडले.

मनगटाच्या या मोडीला वैद्यकशास्त्रात 'कोलिस फ्रॅक्चर' म्हणतात. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी 1814 साली तिचे वर्णन केले, तेही क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षे आधी. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये ही मोड विशेष आढळते, कारण त्या वयात हाडे विरळ होऊ लागतात. एवढ्याशा पडण्याने मनगट मोडले, तर ती हाडांनी दिलेली पूर्वसूचना समजावी. हाडांची घनता तपासून घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

जपून ठेवलेला हात

माझे हाड बसवून प्लास्टर घातले. सहा आठवडे ते राहणार होते. बोटे हलवत राहा, कोपर आणि खांदा फिरवत राहा, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी मान डोलावली आणि घरी येऊन नेमके उलटे केले. हात गळ्यातल्या झोळीत घालून बसून राहिले. हाड पुन्हा सरकेल, ही भीती! सूनबाई भात कालवून देई, वेणी घालून देई. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत पोरांच्या हाताला धरून मुळाक्षरे गिरवून घेतलेली मी. आता मलाच कोणी भरवावे, याची लाज वाटे. पण हात हलवण्याचे धाडस होत नव्हते.

प्लास्टर निघाले तेव्हा हाड छान जुळले होते, आणि हात मात्र लाकडासारखा झाला होता. मूठ वळेना. तळहात वर करून प्रसाद घेता येईना. लेखणी धरली तर बोटांतून गळून पडे. फिजिओथेरपिस्ट मुलीने हात पाहिला आणि हसत म्हणाली, "बाई, प्लास्टर मनगटाला होतं, बोटांना नव्हतं!" मास्तरणीला असा कान पकडणारे कोणी फार दिवसांत भेटले नव्हते.

तिने व्यायाम लावून दिले. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ वळणे-उघडणे, अंगठा प्रत्येक बोटाला टेकवणे, मनगट वर-खाली करणे. पंधरा दिवसांत थोडा फरक पडला. पण मन लागत नव्हते. दहा वेळा मूठ वळायची म्हटले की सातव्या वेळेला वाटे, आता हे असेच राहणार. रात्री झोप येत नसे. तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीने विचारले, "बाई, पडायच्या आधी या हातांनी आवडीनं काय करत होता?" मी म्हटले, "तरुणपणी लोकरीचे विणत होते." ती म्हणाली, "मग जाड सुया घ्या. दुखायच्या आत थांबायचं, एवढीच अट."

पुढे समजले की हा मार्ग नवा नाही. आवडीच्या कामातून रुग्णाचा हात आणि मन दोन्ही चालते करणे, ही उपचाराची स्वतंत्र शाखा आहे. तिला व्यवसायोपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. जन्माने अमेरिकन, पण निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे आपल्या देशातले पहिले विद्यालय सुरू केले.

फौजीण आक्का

आपल्या जिल्ह्याला लोकर परकी नाही. धनगरांच्या मेंढ्या आणि पट्टणकोडोलीची घोंगडी कोणाला ठाऊक नाहीत? पण घोंगडे मागावर विणले जाते. दोन सुयांवरचे विणकाम आमच्या पिढीतल्या अनेक जणी शाळेत किंवा शेजारणीकडून शिकल्या. मी पेटीच्या तळातून 8 नंबरच्या सुया काढल्या आणि एक सुई सुलट, एक सुई उलट सुरू केले. हात दुखला, पण चालला. मन मात्र तिथे नव्हते. चाळीस वर्षांची सवय असलेले काम हात आपोआप करतात, आणि डोके चिंता करायला मोकळेच राहते.

आमच्या गल्लीत गडहिंग्लजकडच्या एक आक्का राहतात. यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर आक्कांनी जालंधर, पठाणकोट अशा ठिकाणी फॅमिली क्वार्टर्समध्ये उमेदीची वर्षे काढली. माझे विणकाम पाहून त्या म्हणाल्या, "बाई, हे तुमचं हातच करायलेत. डोकं कुठं हाय?" आणि घरी जाऊन एक मफलर घेऊन आल्या. एका बाजूला डाळिंबी जमिनीवर मोतिया रंगाचे तारे. उलटून पाहिले तर मोतिया जमिनीवर डाळिंबी तारे! दोन्ही बाजू सुलट. गाठ नाही, लोंबता धागा नाही. मी उलटी बाजू शोधतच राहिले. आक्का म्हणाल्या, "ह्याला उलटी बाजूच न्हाई. पंजाबी शेजारणीनं शिकवलंय. आत दोन थर हाईत."

ही ती दुपदरी वीण. एकाच वेळी, एकाच सुईवर, दोन कापडे पाठीला पाठ लावून विणली जातात. मी हट्टच धरला, मला हे शिकवा. आक्का म्हणाल्या, "दोन रंग मागनं. आधी एका धाग्याचा खिसा करा."

खिशाची युक्ती

युक्ती ऐकायला सोपी आहे. सम संख्येने टाके घालायचे. पहिला टाका सुलट विणायचा. मग धागा पुढे आणायचा, आणि दुसरा टाका न विणता, उलट टाक्यासाठी सुई घालतो तशी घालून, नुसता उजव्या सुईवर घ्यायचा. धागा पुन्हा मागे न्यायचा. एक विणा, एक उचला. ओळ संपेपर्यंत हेच. दुसरी ओळही हुबेहूब अशीच. या ओळीत जे टाके नुसते उचलले, ते पुढच्या ओळीत विणले जातात. म्हणजे एका ओळीत पुढचा थर वाढतो, दुसऱ्या ओळीत मागचा. कडांना धागा एका थरातून दुसऱ्यात वळतो, त्यामुळे बाजू आपोआप मिटतात. तळ तर टाके घालतानाच मिटलेला असतो. शेवटी एकाआड एक टाके दोन सुयांवर वेगळे करायचे आणि दोन्ही थर निरनिराळे बंद करायचे. शिवण न घालता खिसा तयार!

मी वीस टाके घातले आणि उत्साहाने बोटभर विणले. आक्कांनी वरून बोट आत घालून पाहिले. मध्येच अडले. टाका उचलताना धागा पुढे घ्यायला मी एकदा विसरले होते. असे झाले की धागा मागच्या थराच्या बाहेरून जातो आणि दोन्ही थर त्या जागी एकमेकांना जखडतात. वरून काहीच दिसत नाही, आत हात घातल्यावरच कळते. आक्कांनी शांतपणे म्हटले, "उसवा."

मी उसवले. पुन्हा विणले, पुन्हा उसवले. मोजून अकरा वेळा! एकदा तर रागाने सुया कोपऱ्यात भिरकावल्या, आणि मग लक्षात आले की भिरकावल्या त्या उजव्या हातानेच. महिन्यापूर्वी हा हात पाण्याचा तांब्या उचलत नव्हता.

आणखी एक गोष्ट झाली. धागा पुढे, धागा मागे, हा विणायचा, हा उचलायचा, हे ध्यानात ठेवताना डोक्यात दुसरे काही मावतच नव्हते. दहा मिनिटे संपल्याचा घड्याळाचा गजर होई, तेव्हा जाणवे की या दहा मिनिटांत 'हात असाच राहिला तर?' हा प्रश्न एकदाही आला नाही. बऱ्याच दिवसांनी मला स्वस्थ झोप लागली.

शास्त्र काय म्हणते?

2013 साली ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. वरचेवर विणणाऱ्यांनी आपण अधिक शांत आणि आनंदी असतो, असे सांगितले होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या 2011 सालच्या अभ्यासात सत्तर ते एकोणनव्वद वयाचे 1,321 लोक होते. विणकाम, गोधडीकाम यांसारखी हस्तकला, वाचन, खेळ यांत मन रमवणाऱ्यांमध्ये विस्मरणाच्या सुरुवातीच्या तक्रारी कमी आढळल्या. मात्र विणल्यामुळेच स्मृती टिकते, असे यावरून सिद्ध होत नाही. ज्यांची स्मृती शाबूत आहे तेच विणत बसतात, असेही असू शकेल. तेव्हा विणकामाला औषध समजू नये. माझा हात सुटला तो मुख्यतः रोजच्या व्यायामाने. विणकामामुळे तो हात रोज वापरण्याची भीती गेली, आणि माझ्यासाठी तेच अडून बसले होते.

वाचक भगिनींनो, प्लास्टर निघाल्यावर विणायला बसण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत; मग सुया खाली ठेवून बोटे पसरा. कोपराखाली उशी घ्या, मनगट फार वाकवू नका, सुया घट्ट आवळून धरू नका. काम थांबवल्यावरही दुखत राहिले, तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा करा. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. विणणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. प्लास्टर असताना बोटे बधिर झाली, निळी-पांढरी पडली किंवा असह्य दुखू लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. प्लास्टर निघाल्यानंतर हात लाल होऊन सुजला, आग होऊ लागली, स्पर्शही सोसेना, तरीही अंगावर काढू नका.

आणि मागील दारचे शेवाळ घासून टाका. मी ते आधी केले असते तर हा लेखच लिहावा लागला नसता.

पिशवीचे आवरण

दिवाळीनंतर थंडी पडली, तेव्हा मी अठ्ठ्याऐंशी टाक्यांचा मोठा खिसा सुरू केला. गरम पाण्याच्या पिशवीला आवरण करायचे होते. आमच्या यजमानांना मधुमेह आहे, पायाची संवेदना कमी झाली आहे. अशा माणसाला उघड्या पिशवीने भाजले तरी कळत नाही, आणि पायाची जखम चिघळते. खरे तर त्यांनी पायाला शेक घेऊच नये. कंबरेला घेतला तरी आवरण हवे आणि पाणी उकळते नको. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुधा अ‍ॅक्रिलिक असते, तेव्हा असे आवरण शेगडीजवळ नेऊ नये, हेही सांगून ठेवते.

महिनाभराने खिसा पुरा झाला. टाके बंद केले आणि तोंडातून उजवा हात आत घातला. कुठेही न अडता तो थेट तळापर्यंत गेला. टॉलस्टॉय यांच्या 'युद्ध आणि शांती' या कादंबरीच्या शेवटी एक म्हातारी दाई आहे. ती एकाच सुयांवर दोन मोजे एकदम विणते आणि पुरे झाले की मुलांसमोर एकातून दुसरा ओढून काढते. त्या मुलांना काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळले. आक्कांनीही हात घालून पाहिला. कौतुक करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. म्हणाल्या, "आता दोन रंग घ्या."

दोन रंगांत पुढचा टाका एका रंगाने सुलट, मागचा दुसऱ्या रंगाने उलट, आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही धागे एकत्र मागे-पुढे न्यायचे असतात. ते मी अजून शिकते आहे. तारे अजून वेडेवाकडे येतात.

माझे मनगट पूर्वीइतके मागे वळत नाही, आणि पावसाळी हवेत ठणकते. पण गेल्या संक्रांतीला मी पुन्हा बाजरीची भाकरी थापली. थोडी वाकडी झाली, कडेला चिरली, पण फुगली. सूनबाईने ती माझ्याच ताटात वाढली, आणि मी उजव्या हाताने खाल्ली.