मोबाइलवरचं दुकान : पगारी माणूस की उक्तं काम?

शेतात ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. वर्षभर जनावरं, पाणी, राखण बघायची असेल तर आपण सालगडी ठेवतो. ज्वारीची काढणी किंवा विहिरीतला गाळ काढायचा असेल तर काम उक्तं देतो. सालगड्याला रोज सांगावं लागतं, पण तो रोज हजर असतो. उक्तं घेणारा त्याच्या सोयीनं येतो, काम उरकतो, पैसे घेतो आणि पुढच्या शिवाराला जातो. इतका साधा हिशेब, पण मोबाइलवरच्या कामाची वेळ आली आणि आम्ही तो पार विसरलो.

आमचा गट सोलापूर जिल्ह्यातला, ११ जणींचा. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी हा आमचा माल. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप हे सगळं बघायला तालुक्याच्या गावातल्या एका मुलाला सांगितलं. महिना ४,००० रुपये ठरले, तेही तोंडी. मुलगा हुशार होता. फोटो छान काढायचा, पुण्या-मुंबईहून चौकशा यायला लागल्या. आम्ही खूश. मग ऐन दिवाळीच्या आधी त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. त्याची चूक म्हणावी तर तशी काही नाही, पोटासाठी गेला. पण पान त्याच्या फोनवर, व्हॉट्सॲपचा नंबर त्याच्या नावाच्या सिमचा, पासवर्ड त्याच्या डोक्यात. गिऱ्हाइकं ऑर्डर टाकत होती आणि उत्तर कुणीच देत नव्हतं. ४० किलो चटणी करून ठेवलेली आणि कुणाला पाठवायची ते माहीत नाही. त्या दिवाळीत आम्ही ती चटणी गावोगावच्या बाजारात बसून विकली.

त्यानंतर बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, आता पगारी माणूसच ठेवू, म्हणजे असा सोडून जाणार नाही. हे काही खरं नाही, पगारी माणूसही जातो. काही जणी म्हणाल्या, पगार परवडणार नाही, उक्तंच द्यावं. शेवटी आमच्या हिशेबनीस ताईंनी एक वही केली. महिनाभर मोबाइलवर जे जे काम पडलं ते त्या वहीत लिहायचं, एवढंच.

महिन्याअखेरी वही वाचली तेव्हा लक्षात आलं की ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम रोजचं. पार्सल कुठवर आलं, अर्ध्या किलोचं पाकीट आहे का, तिखट कमी मिळेल का, पैसे पाठवले ते पोचले का. याला तासा-दोन तासांत उत्तर लागतं आणि उत्तर देणारीला फळीवर किती माल आहे ते ठाऊक लागतं. दुसरं काम अधूनमधूनचं. मालाचे फोटो, छोटा व्हिडिओ, सणाची जाहिरात, पाकिटावरचं चित्र. त्याला हात चांगला लागतो, रोज हजर राहायची गरज नसते. पहिलं काम सालगड्याचं, दुसरं उक्तं द्यायचं. आम्ही दोन्ही एकाच मुलाला उक्तं दिलं होतं, तिथंच चुकलो.

आता कायद्याचं थोडं. पुष्कळ जणींना वाटतं, कागदावर ‘कंत्राटी’ लिहिलं की आपण सुटलो. तसं नसतं. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी हा खटला ऐकून ठेवावा. सिकंदराबादच्या एका शिलाईच्या दुकानात शिंपी नगावर पैसे घेत. येण्या-जाण्याची वेळ बांधलेली नाही, काही जण तर कापड घरी नेऊन शिवत. मालक म्हणाला, हे माझे नोकर नाहीत. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नोकरच आहेत. शिलाई यंत्रं बहुतेक मालकाची, काम कसं व्हावं ते मालक सांगणार, नीट झालं नाही तर परत करणार. म्हणजे नुसतं नगावर पैसे दिले म्हणून माणूस कंत्राटदार होत नाही. आपण फोन द्यायचा, १० ते ५ बसायला सांगायचं, दुसरीकडचं काम घेऊ द्यायचं नाही आणि वर म्हणायचं ती कंत्राटी आहे, हे आपल्याच अंगावर येऊ शकतं.

आणि पगारी ठेवायची तर ती कुणाची सून आहे, घरचीच आहे, म्हणून वाटेल तेवढे पैसे हातावर टेकवणं बरोबर नाही. सरकारनं किमान वेतन ठरवलेलं असतं, त्याचा चालू दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारता येतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारण २० माणसं कामाला असली की लागतो, तेव्हा एक मुलगी ठेवली म्हणून त्याची धास्ती नको. महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय करही नाही. हे सांगायचं कारण असं की ‘पगारी ठेवली की सरकारी लफडी फार’ असं सांगून आम्हाला बऱ्याच जणांनी घाबरवलं होतं.

यापेक्षा मोठी गोष्ट किल्ल्यांची. दुकान कुणीही चालवो, किल्ली गटाकडे पाहिजे. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं ॲप फुकट मिळतं. ते ज्या सिमवर चालू करायचं ते सिम गटातल्या जबाबदार बाईच्या नावावर हवं आणि त्यात रिचार्ज हवा. ९० दिवस वापर नसला तर नंबर बंद पडू शकतो. त्याच नंबरला आणखी चार उपकरणं जोडता येतात, तेव्हा काम करणारीला जोड द्या, सिम देऊ नका. सहा आकडी पिन लावता येतो, तो लावा. फेसबुकच्या पानाचा पूर्ण ताबा गटातल्या दोघींकडे ठेवा, एकीकडे नको. फोन हरवतो, माणूस आजारी पडतो. बाहेरच्या माणसाला फक्त पोस्ट टाकण्यापुरता अधिकार द्या. पूर्ण ताबा ज्याच्याकडे तो बाकीच्यांना काढूनही टाकू शकतो. आणि पैशाचा क्यूआर कोड गटाच्या बँक खात्याचाच. यात ओळख, नातं, विश्वास काही मध्ये आणू नका.

फोटो आणि चित्रं कुणाची, हाही प्रश्न आहे. पगारी माणसानं कामाचा भाग म्हणून जे केलं ते, वेगळं ठरलेलं नसेल तर, ठेवणाऱ्याचं. कंत्राटदाराकडून पैसे देऊन काढून घेतलेले फोटो आणि व्हिडिओही, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचे. पण त्यानं लिहिलेला मजकूर आणि पाकिटावरच्या छापाची रचना सहसा त्याचीच राहते. ती आपली व्हायची तर लेखी आणि सहीनिशी लिहून घ्यावं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो. म्हणून ‘कायमचे हक्क’ हे शब्द घालायला विसरू नका. आम्ही पाकिटावरचं चित्र पुन्हा नव्यानं काढून घेतलं, पैसे दुसऱ्यांदा मोजले.

एक गंमत सांगतो, पण ती गंमत नव्हती. त्या मुलानं एकदा आमच्या भाकरीच्या फोटोवर ‘शुगरवर रामबाण’ असं टाकलं होतं. आम्हाला आठ दिवसांनी कळलं, तेही एका गिऱ्हाइकानं डॉक्टरची गोळी बंद करू का म्हणून विचारलं तेव्हा. अंगावर काटा आला. खाण्याच्या वस्तूची खोटी जाहिरात केली तर अन्न सुरक्षेच्या कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि तिथं ‘कंत्राटदारानं लिहिलं’ म्हणून हात झटकता येत नाहीत. पैशाचं राहू द्या, त्या बाईनं न विचारता गोळी सोडली असती तर? तेव्हापासून कुठलीही पोस्ट गटातल्या एकीनं वाचल्याशिवाय पुढं जात नाही.

सध्या आमच्याकडे असं चाललंय. एका सदस्येची सून बारावी झालेली आहे, ती दुपारचे चार तास पगारावर बसते, ठरलेल्या वेळी हजर असते आणि महिन्याला पावतीवर सही करून पैसे घेते. फोटो-व्हिडिओचं काम शेजारच्या गावातल्या एका मुलीला उक्तं दिलंय, तीन महिन्यांचं. तिचा स्वतःचा कॅमेरा आहे, ती लग्नाचीही कामं घेते, आमचं ‘हो-नको’ फक्त तयार झालेल्या कामावर. करार एका पानाचा आहे : किती फोटो, कधी, किती पैसे, हक्क कुणाचे, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं आणि जाताना काय काय परत द्यायचं. दोघींची महिन्याची बेरीज जुन्या ४,००० पेक्षा जास्त होते, हे लपवत नाही. वर्षातले दोन मंद महिने जड जातात, तेव्हा फोटोचं काम थांबवतो, सुनेचा पगार थांबवत नाही.

तो एक पानाचा करार आम्ही ठरावाच्या वहीत चिकटवून ठेवलाय. त्याच्याखाली दुसऱ्या एका कागदावर सिमचा नंबर, पानाचं नाव आणि ताबा असलेल्या दोघींची नावं आहेत. तुमच्या गटाचा असा कागद आहे का, ते येत्या बैठकीत विचारून बघा. नंबर कुणाच्या नावावर आहे, एवढं विचारलं तरी चालेल.