दूरच्या संगणकाचें दार

घरच्या मेजाशीं बसून शेंकडों मैलांवरील संगणकास हुकूम सोडतां येतो, याचें आतां नवल राहिलेलें नाहीं. परंतु तो हुकूम वाटेंत कोण ऐकतो, याची काळजी एके काळीं फारशी कोणी करीत नसे. टेलनेट नांवाच्या जुन्या पद्धतींत परवलीचा शब्द पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जाई. १९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीं तरी असे शब्द चोरून टिपून घेतले. त्यानें सावध होऊन तेथील तातू युलोनेन यांनीं त्याच वर्षीं ‘एसएसएच’ ही पद्धति निर्माण केली. तिच्यांत सारें संभाषण सांकेतिक लिपींत चालतें. तिच्या दाराचा क्रमांक २२. टेलनेटचा २३ व फायलींची ने-आण करणाऱ्या जुन्या पद्धतीचा २१. मधली मोकळी जागा युलोनेन यांनीं मुद्दाम मागून घेतली.

या दारापर्यंत पोंचावयाचें तर यंत्राचा पत्ता ठाऊक हवा, मधल्या फायरवॉलनें वाट मोकळी ठेवलेली हवी आणि यंत्रावर आपल्या नांवाचें खातें हवें. कांहीं संस्था आधीं व्हीपीएनमधून या, असाही दंडक घालतात. पलीकडून कांहींच उत्तर न आल्यास दोष बहुधा वाटेचा असतो. ‘परवानगी नाहीं’ असें उत्तर आल्यास वाट ठीक आहे, अडचण ओळखीची आहे.

ओळख पटविण्यास परवलीचा शब्द चालतो. पण किल्ल्यांची जोडी अधिक बरी. या जोडीस शिक्का व ठसा म्हणणें मला अधिक सयुक्तिक वाटतें. ठसा दूरच्या यंत्रावर नमुन्यादाखल ठेवावयाचा. शिक्का आपल्या पेटींतून बाहेर काढावयाचाच नाहीं. प्रत्येक भेटीच्या वेळीं नव्या मजकुरावर आपला संगणक शिक्का उमटवितो व पलीकडचें यंत्र तो नमुन्याशीं ताडून पाहतें. कालची उमटलेली खूण कोणीं चोरली, तरी आज ती कुचकामाची. शिक्क्याची फाईल इतरांस वाचतां येण्याजोगी ठेवली, तर ओपनएसएसएच ती वापरण्याचेंच नाकारतें. हा कडकपणा योग्यच होय.

परंतु स्वतःची ओळख पटविण्यांत गुंतलेला मनुष्य दुसरी बाजू विसरतो. दार उघडणारा तरी खरा यजमान कशावरून? पहिल्या भेटींत दूरचें यंत्र आपल्या ठशाची संक्षिप्त खूण पुढें करतें, आणि ‘विश्वास ठेवूं काय?’ असें आपला संगणक विचारतो. बहुतेक लोक न वाचतांच ‘होय’ म्हणून मोकळे होतात. मध्यें तोतया बसलेला असेल, तर परवलीचा शब्द त्याच क्षणीं त्याच्या हातीं जातो. म्हणून ती खूण यंत्राच्या व्यवस्थापकास दूरध्वनीवरून विचारून अक्षरशः ताडून घ्यावी. त्यानंतर ती आपल्या संगणकाच्या स्मरणांत राहते. पुढें कधीं ‘खूण बदलली आहे’ असा इशारा आला, तर यंत्र नव्यानें बसविलें असेल किंवा वाटेंत कोणी शिरला असेल. यांपैकीं कोणतें, हें कळेपर्यंत एक अक्षरही टंकूं नये.